कान्नोनची घळ

आमच्या खोऱ्यात मात्सुताके अळंबीची जागा बाप मुलालासुद्धा सांगत नाही. ही अळंबी लावता येत नाही, पेरता येत नाही. तांबड्या पाइनच्या मुळाशी, तिला वाटेल तिथे, शरदात दोन-तीन आठवडे ती उगवते, आणि एकदा उगवली की वर्षानुवर्षं त्याच जागी येत राहते. त्या जागेला आम्ही शिरो म्हणतो. ज्याला शिरो सापडली तो ती मनात ठेवतो आणि पाय थकले की वारसाला एकदाच, तोंडी सांगतो. तोवर खोटं बोलायचं. पूर्वेला जाणार असलात तर पश्चिम सांगायची. उतरताना भलत्याच वाटेनं उतरायचं. टोपलीत वरच्या थराला फालतू अळंब्या ठेवायच्या. अस्वलं लांब राहावीत म्हणून कमरेला घंटा बांधावीच लागते, पण जागा जवळ आली की तिच्यात फडकं कोंबायचं. हे खोटं आमच्याकडे कुणी मनाला लावून घेत नाही, उलट खरं सांगणाऱ्याकडेच लोक संशयानं बघतील.

माझे वडील तोकुझो मोमोसे यात सगळ्यांचे गुरू. पंचावन्न वर्षं त्यांनी अख्ख्या खोऱ्याच्या हातावर तुरी दिल्या. त्यांच्या मागावर माणसं जायची आणि दुपारी चिखलात बरबटून हात हलवत परत यायची. "आज कुठे?" असं मी लहानपणी विचारलं की ते म्हणायचे, "चंद्रावर." आई गेल्यावर आणि माझं लग्न मोडल्यावर मी माहेरी परत आले, पन्नाशीची झाले, तरी उत्तर तेच. थोरला मुलगा म्हणून वारस माझा भाऊ शिगेकी. तो तीस वर्षं नागोयात आहे आणि वर्षातून दोनदा फोनवर विचारतो, "बाबा जागेचं काही बोलले का गं?" मी म्हणायची, "मला कशाला सांगतील? मी फक्त त्यांचं जेवण करते." हे मी हसत म्हणायची, पण मला ते लागायचं. त्यांनी मला एकदा विश्वासात घ्यावं एवढीच माझी इच्छा होती. अळंबी गेली खड्ड्यात.

मी आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. गावात दर तिसरा माणूस सत्तरीपुढचा, म्हणून म्हाताऱ्यांना स्मृतिभ्रंशापासून दूर ठेवणं हे माझं काम. दर गुरुवारी मी वीसएक जणांना नदीकाठच्या वनात घेऊन जाते. चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करत यायचं, झाडाची पानं चुरगळून वास ओळखायचा, केंद्रामागच्या वाफ्यात मुळे लावायचे. प्रत्येक खेपेला कार्डावर शिक्का, वीस शिक्क्यांना एक टॉवेल. "डोंगर चढा, डोकं जपा" ही घोषणा माझीच. यात काही खोटं नाही. चालणाऱ्याचा धोका कमी होतो. कमी होतो, जात नाही, हे वाक्यही पत्रकात होतं. खाली, बारीक अक्षरांत. मीच तसं छापून घेतलं होतं, कारण मोठ्या अक्षरांत छापलं तर कोण येईल चालायला?

आणि पोस्टरवर फोटो माझ्या वडिलांचा. पाठीवर टोपली, कमरेला घंटा, तोंडभर हसू. खाली लिहिलेलं: वय त्र्याऐंशी, रोज डोंगर, डोकं लख्ख.

दर वसंतात आम्ही पंचाहत्तरीपुढच्यांची स्मरणशक्ती तपासतो. गेल्या वर्षीच्या खेपेला मी बाबांना सगळ्यांदेखत समोर बसवलं. तीन शब्द दिले: मुळा, मांजर, होडी. मग इकडचं तिकडचं विचारलं. आज तारीख काय, तर म्हणाले, "पेन्शनवाल्याला तारीख कशाला लागते? ती नोकरदारांची पीडा." काल कुठे गेला होतात, तर म्हणाले, "तुला बरी सांगेन!" पाच मिनिटांनी मी तीन शब्द परत विचारले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पंचावन्न वर्षं माझी जागा कुणाला सांगितली नाही, आणि तुझे शब्द सांगून टाकू?"

खोली खदखदून हसली. मीही हसले, आणि तिन्ही शब्दांपुढे बरोबरची खूण केली. दुसऱ्या कुठल्या म्हाताऱ्यानं असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला त्याच आठवड्यात मोठ्या इस्पितळात पाठवलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

खुणा कमी नव्हत्या. त्याच्या आधीच्या शरदात बाबा एकदा डोंगरापलीकडच्या गावात उतरले, दोन कोसांवर, आणि संध्याकाळच्या बसनं घरी आले. लोक म्हणाले, काय डोकं आहे, बसनं आला! नंतर एकदा टोपली नुसत्या कुचकामी अळंब्यांनी भरून आणली. लोक म्हणाले, चांगला माल वाटेतच कुठेतरी लपवला असणार. मीही तेच म्हणाले. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर गावानं त्याला म्हातारचळ लागला म्हटलं असतं. माझ्या बापाला मात्र दाद मिळत होती.

आमच्या खालच्या अंगाला कान्जी-सान उशियामा राहतात. बाबांचे बालमित्र आणि अळंबीतले जन्माचे वैरी. गेल्या सप्टेंबरात ते मला रस्त्यात अडवून म्हणाले, "चि-चान, तुझा बाप म्हणजे ना, एक नंबरचा बिलंदर. काल माझ्याच दारात उभा राहून मलाच विचारतो, 'मोमोसेंचं घर कुठे हो?' मी म्हटलं, चल हट म्हाताऱ्या! कुठल्या बाजूनं उतरलास ते मला कळू नये म्हणून ही नाटकं ना?"

"मग काय म्हणाले?"

"काय म्हणणार? हसला. मी हातानं घर दाखवलं तर मुकाट्यानं निघाला त्या दिशेला. नाटक शेवटपर्यंत सोडलं नाही हो पठ्ठ्यानं!"

मी जेवताना बाबांना म्हटलं, "त्या कान्जी-सानना कशाला छळता?" भाताच्या वाडग्यातून मान वर न करता ते म्हणाले, "कोण कान्जी?"

मला इतकं हसू आलं की हातातली जेवणाची काडी पडली.

ऑक्टोबरातला तो गुरुवार. मी चालण्याच्या वर्गाला निघाले होते, हातात कार्डं आणि शिक्का. बाबा दारातल्या पायरीवर बसून बूट चढवत होते. शेजारी टोपली, फडक्यात बांधलेले, आत आंबट उमे फळ घातलेले दोन भाताचे गोळे. मी सवयीनं विचारलं, "आज कुठे?"

"कान्नोनच्या घळीत," ते म्हणाले.

मी थांबले. ते वर बघत होते, थेट माझ्या तोंडाकडे. "दगडी मूर्तीच्या मागनं वर चढायचं. आडवा पडलेला पाइन लागतो, तो डाव्या हाताला ठेवायचा. पुढे मोठा खडक आहे, त्याच्या खालच्या अंगाला. सकाळी पाठीवर ऊन येतं तिथे." मग म्हणाले, "ध्यानात राहील?"

कान्नोन देवीच्या मूर्तीवरून नाव पडलेली ही घळ आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. चाळीस मिनिटांची वाट. तिथे कुणी अळंबी शोधायलाही जात नाही, इतकी ती जवळ आहे. मला वाटलं, आज म्हातारा रंगात आलाय, खोट्याला झालर लावून सांगतोय. मी म्हटलं, "हो हो, राहील की. म्हणजे आज स्वारी एबोशी डोंगरावर!" एबोशी म्हणजे घळीच्या बरोबर उलट दिशेचा डोंगर, नदीपलीकडे.

त्यांनी टोपली पाठीला लावली आणि घंटा वाजवत अंगणातून बाहेर पडले. मला उशीर होत होता. त्या दिवशी वर्गात मी म्हाताऱ्यांना तीन शब्द पाठ करायला लावले आणि कुणाकुणाला आठवले नाहीत त्यांची नावं लिहून घेतली.

बाबा तीनच्या आत घरी येतात. चारला आले नाहीत. साडेचारला मी कान्जी-सानकडे जाऊन आले, पाचला अग्निशमन दलाला फोन केला. आमच्याकडे हे दल म्हणजे गावचीच माणसं, दिवसा आपापला धंदा करणारी. प्रमुख मारुयामा टोफू करतो. तो ओल्या हातांनीच आला, मागोमाग चाळीसेक जण शाळेच्या पटांगणात जमले. गावच्या भोंग्यावरून घोषणा सुरू झाली: त्र्याऐंशी वर्षांचे गृहस्थ, निळं जाकीट, पाठीवर टोपली, कुणाला दिसल्यास कळवावं. असे भोंगे आम्ही महिन्याला एकदोनदा ऐकतो. चिमटा बसल्यासारखं होतं आणि मग आपण भाजी चिरायला लागतो. त्या दिवशी तो भोंगा माझ्या बापाचा होता.

मारुयामानं पोलिसांचा छापील कागद पुढे घेतला आणि विचारायला लागला. "चिहारू-सान, जाताना कुठे जातो म्हणाले?"

"कान्नोनची घळ म्हणाले."

त्यानं लिहून घेतलं. मग पेन वर करून माझ्याकडे बघितलं. त्याचा बापही अळंबीवाला होता.

"म्हणजे तिथे नाहीत," मी म्हटलं. "पार रस्तासुद्धा सांगितला हो. मूर्ती काय, पाइन काय, खडक काय. इतकं पाल्हाळ लावलं म्हणजे साफ खोटं. तुम्ही एबोशीवर बघा."

कान्जी-सान शेजारीच होते. ते म्हणाले, "बरोबर आहे पोरीचं. तोकुझो खरं बोलला तर सूर्य पश्चिमेला उगवेल."

त्या चाळीस जणांत एकानंही विचारलं नाही की, खरं बोलले असतील तर? सगळे जाणते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मारुयामानं कागदावर आणखी काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवला. मी न वाचताच सहीच्या जागी माझ्या नावाचा शिक्का मारला. आणि चाळीस माणसं, दोन कुत्री, सगळ्या बॅटऱ्या नदीच्या पलीकडे गेल्या.

शुक्रवारी पहाटेपासून गार पाऊस. हेलिकॉप्टर आलं, पण पाइनखालचं वरून काय दिसतं? एबोशीचा एकेक ओढा पिंजून काढला. मी पायथ्याला तंबूत बसून सगळ्यांना गरम मिसो सूप वाटत होते. दुपारी एक पोलीस, बाहेरगावचा, अगदी तरणाताठा, नकाशा बघत म्हणाला, "ते घळीत जातो म्हणाले होते ना? मग तिथे का नाही बघत?"

दोनतीन जण हसले. मी त्याला समजावून सांगितलं. अगदी शांतपणे, वर्गात समजावते तसं. आमच्याकडे अळंबीवाला कधी खरी जागा सांगत नाही, तुम्ही नवीन आहात म्हणून तुम्हाला माहीत नाही. तो ओशाळला आणि "माफ करा" म्हणाला.

त्या पोराची माफी मला आजही झोपू देत नाही.

शनिवारी सकाळी ऊन पडलं. एबोशीचं काही राहिलं नव्हतं. मारुयामा माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता उरली ती घळच." मी आणि कान्जी-सान पुढे निघालो, बाकीचे मागून येणार होते. मला वाट विचारावी लागली नाही. दगडी मूर्तीच्या मागून वर. आडवा पाइन, तो डाव्या हाताला. पुढे मोठा खडक. एक शब्द विसरले नव्हते मी.

बाबा खडकाला टेकून बसले होते. पाय पुढे पसरलेले, टोपली मांडीवर, वर नेच्याची पानं नीट झाकलेली. माझ्या पाठीवर ऊन येत होतं. मी त्यांचा गाल चेपून बघितला. इतकी वर्षं परिचारिका आहे, लांबूनच कळलं होतं, तरी चेपून बघितला. घोट्याशी पाय सुजून काळानिळा पडला होता.

त्यांच्या डाव्या मुठीत घंटेतलं फडकं होतं. घंटा उजव्या हातात होती, कमरेची सोडवून घेतलेली. पंचावन्न वर्षांत या जागी त्यांनी कधी घंटा वाजू दिली नव्हती. दीड दिवस तरी वाजवत बसले असतील. आमची सगळी माणसं नदीच्या पलीकडे होती.

कान्जी-साननी पानं बाजूला केली. टोपलीत सात मात्सुताके होत्या, एकसारख्या, टोप्या अजून न उघडलेल्या. मग ते खाली वाकले आणि जिथून अळंब्या उपटल्या होत्या ती भोकं हातानं एकेक बुजवायला लागले, वर पाइनच्या सुया पसरायला लागले. असं करतात, जागा पुढच्या वर्षी जिवंत राहावी म्हणून.

"कान्जी-सान, राहू द्या ना ते," मी म्हटलं.

"मला पंचावन्न वर्षांत सांगितली नाही त्यानं," ते मान खालीच घालून म्हणाले. "घरासमोर होती गं. आणि तुला सांगितली." मग त्यांचे हात थांबले. "चि-चान, माझ्या दारात आला होता ना तेव्हा... खरंच विचारत होता का गं तो?"

मी म्हटलं, "मला काय माहीत." माहीत होतं. आता सगळंच माहीत होतं. बसनं आलेले, नुसता कचरा घेऊन आलेले, कोण कान्जी म्हणणारे, तीन शब्दांतला एकही न आठवलेले माझे बाबा मला एका रांगेत दिसत होते. वर्षभर ते माझ्यासमोर बुडत होते आणि मी टाळ्या वाजवत होते.

एवढ्यात खालून मारुयामाची माणसं वर आली. चाळीस जणांचे बूट, स्ट्रेचर, कुत्री. सुया, शेवाळ, सगळं तुडवलं गेलं. कान्जी-सान एकदा ओरडले, "अरे बघून चाला रे!" त्या जागी आता पुन्हा काही उगवेल असं मला वाटत नाही.

डॉक्टर म्हणाले, गारठ्यानं. शुक्रवारी दुपारपर्यंत असावेत, म्हणाले. मी विचारायला नको होतं. शुक्रवारी दुपारी मी तंबूत त्या पोलिसाला अळंबीचे रीतिरिवाज शिकवत होते.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरते. त्या सकाळी ते खोटं बोलायला विसरले, की विसरण्याआधी जागा माझ्या हवाली करत होते? "ध्यानात राहील?" असं विचारलं होतं त्यांनी. आजारी माणूस असं विचारतो, आणि वारसाला जागा देणारा माणूसही असंच विचारतो. माझं आयुष्य ज्याची वाट बघण्यात गेलं ते कदाचित दारातल्या पायरीवर मला मिळालं होतं, आणि मी हसून परत केलं.

शिगेकी अंत्यविधीला आला. सातव्या दिवसाचे विधी झाले, पाहुणे गेले, तेव्हा त्यानं पोलिसांकडून आलेले कागद चहाच्या मेजावर पसरले. तो कागद वाचणाऱ्यांतला आहे, बारीक अक्षरंही वाचतो. एका पानावर त्याचं बोट थांबलं.

"हे काय आहे?" तो म्हणाला आणि मोठ्यानं वाचलं. "जाताना सांगितलेलं ठिकाण: कान्नोनची घळ. मूर्तीमागून वर, पाइन डावीकडे, खडकाखाली." त्यानं वर बघितलं. "म्हणजे त्यांनी सांगितलं होतं?"

"हो."

"तुला?"

"हो, मला."

त्यानं पुन्हा कागदाकडे बघितलं. "त्याच्या खाली लिहिलंय: ही माहिती खोटी आहे, तिकडे शोधू नये." बाहेर भोंग्यावर कुणा दुसऱ्याच म्हाताऱ्याची घोषणा सुरू झाली होती. शिगेकी ती संपेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "हे कोण म्हणालं?"

मी कागद माझ्याकडे ओढला आणि खालच्या लाल शिक्क्यावर बोट ठेवलं.

"मी," मी म्हटलं.